पाच सिनेटर, एक बँक आणि ९ एप्रिलची बैठक

अमेरिकन सिनेटरचं नाव बातम्यांत येतं ते मतदानामुळे आणि भाषणांमुळे. त्याच्या कार्यालयातल्या बऱ्याच लोकांचा दिवस मात्र वेगळ्याच कामात जातो. कुणाची सोशल सिक्युरिटीची पेन्शन सुरू झालेली नसते, कुणा माजी सैनिकाचा अपंगत्वाचा दावा वर्षभर पडून असतो, कुणाचा पासपोर्ट विमानाच्या तारखेआधी हातात पडेल असं दिसत नसतं. एडिसन किंवा फ्रीमाँटमधल्या मराठी घरांनाही हा रस्ता ठाऊक आहे. ग्रीन कार्डाची फाइल अडकली की कुणीतरी सांगतंच, ‘सिनेटरच्या ऑफिसात लिहून बघ.’ तिथे एका संमतिपत्रावर सही घेतात, कारण १९७४ च्या गोपनीयता कायद्यामुळे सही नसेल तर खातं तुमची माहिती तिसऱ्याला देत नाही. मग कार्यालय संबंधित खात्याला पत्र धाडतं. उत्तर येतं ते बहुतेकदा ‘प्रकरण अमुक टप्प्यावर आहे’ एवढंच, पण तेवढ्यानेही फाइल हलते. या सगळ्याला तिकडे ‘केसवर्क’ म्हणतात.

यात गैर काही नाही. खात्याचा माणूस मतदाराला दाद देत नाही, सिनेटरला देतो, आणि सिनेटर मतदाराला बांधील असतो. पण फाइल कुठवर आली हे विचारणं एक आणि निकाल काय लागावा हे सांगणं दुसरं. दोन्हींमधली सीमा नेमकी कुठे हे ठरवायची वेळ अमेरिकन सिनेटवर एकदा फार जाहीरपणे आली. ते प्रकरण ‘कीटिंग फाइव्ह’ या नावाने ओळखलं जातं.

चार्ल्स कीटिंग मूळचे सिनसिनाटीचे. तरुणपणी ते पोहण्यात राष्ट्रीय विजेते होते, पुढे वकील झाले, अश्लील साहित्याविरुद्धच्या मोहिमेमुळे देशभर त्यांचं नाव झालं. ॲरिझोनात फिनिक्सला त्यांची अमेरिकन कॉन्टिनेंटल ही बांधकाम कंपनी होती. १९८४ मध्ये या कंपनीने कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथली लिंकन सेव्हिंग्ज अँड लोन ही संस्था ५ कोटी १० लाख डॉलरला विकत घेतली.

‘सेव्हिंग्ज अँड लोन’ म्हणजे लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि घरांसाठी कर्ज द्यायचं, अशा संस्था. हा अनेक दशकं अगदी कंटाळवाणा धंदा होता. सत्तरच्या दशकाअखेर व्याजदर भडकले तेव्हा त्यांचं गणित कोलमडलं, कारण जुनी घरकर्जं कमी व्याजाची आणि नव्या ठेवी महाग. यावर तोडगा म्हणून १९८२ च्या कायद्याने त्यांना बरीच मोकळीक मिळाली, आणि कॅलिफोर्नियाने तर आपल्या राज्यातल्या संस्थांना पैसा जवळपास कुठेही गुंतवायची मुभा दिली. ठेवींचा विमा मात्र सरकारीच राहिला, दर ठेवीदारामागे एक लाख डॉलरपर्यंत. फायदा झाला तर मालकाचा, बुडाली तर विमा आहेच. कीटिंगना हे गणित पहिल्याच दिवशी कळलं असणार. लिंकनचा पैसा घरकर्जांतून निघून ॲरिझोनातल्या मोकळ्या जमिनी, हॉटेलं आणि जोखमीच्या रोख्यांत गेला. १.१ अब्ज डॉलरची संस्था चार वर्षांत साधारण ५.५ अब्जांची झाली.

या संस्थांवर देखरेख करायची फेडरल होम लोन बँक बोर्डाने. अध्यक्ष होते एडविन ग्रे, राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे जुने कॅलिफोर्नियातले सहकारी. मोकळीक देणाऱ्या सरकारनेच नेमलेल्या या माणसाला धोका दिसायला लागला आणि १९८५ मध्ये त्याने नियम आणला की थेट गुंतवणूक, म्हणजे कर्ज न देता स्वतःच जमिनी-शेअरांत घातलेला पैसा, मालमत्तेच्या १० टक्क्यांवर नको. लिंकनने सूट मागितली. तिच्या बाजूने पत्र लिहून देणाऱ्यांत ॲलन ग्रीनस्पॅन होते, तेव्हा खासगी सल्लागार आणि पुढे फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष. सूट मिळाली नाही. १९८६ च्या मार्चमध्ये बोर्डाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेने लिंकनची तपासणी सुरू केली. वर्षअखेरीला हिशेब निघाला तेव्हा मर्यादेपेक्षा ६१ कोटी ५० लाख डॉलर जास्त गुंतवलेले होते, आणि १३ कोटी ५० लाखांचं नुकसान ताळेबंदात दाखवलेलंच नव्हतं.

कीटिंग हातावर हात धरून बसणारे नव्हते. त्यांची तक्रार अशी की ग्रे आपल्या मागे लागलेत, तपासणी वर्ष उलटलं तरी संपत नाही, आणि हा शुद्ध छळ आहे. तक्रारीला पुरावा म्हणून त्यांच्याकडे आर्थर यंग या मोठ्या लेखापरीक्षण कंपनीच्या भागीदाराचं पत्र होतं. (हा भागीदार पुढे भल्यामोठ्या पगारावर कीटिंगच्याच कंपनीत रुजू झाला.) हे सगळं घेऊन ते सिनेटरांकडे गेले.

सिनेटर होते पाच. ॲरिझोनाचे डेनिस डिकॉन्सिनी आणि जॉन मॅकेन, कारण कंपनी फिनिक्सची. कॅलिफोर्नियाचे ॲलन क्रॅन्स्टन, कारण बँक त्यांच्या राज्यात. ओहायोचे जॉन ग्लेन, पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकन अंतराळवीर, कारण कंपनीची नोंदणी ओहायोची. आणि मिशिगनचे डॉनल्ड रीगल, कारण डेट्रॉइटमध्ये कीटिंगचं एक हॉटेल होतं. मॅकेन तेवढे रिपब्लिकन, बाकी चौघे डेमोक्रॅट. एकच माणूस एवढ्या राज्यांचा ‘आपला मतदार’ कसा ठरतो, हे इथे बघण्यासारखं आहे. नोंदणी, शाखा, हॉटेल, जे हाताला लागेल ते नातं जोडता येतं. आणि एक नातं सगळ्यांना समान होतं. कीटिंग आणि त्यांच्या माणसांनी या पाच जणांच्या निवडणुका आणि राजकीय कामांसाठी मिळून साधारण १३ लाख डॉलर दिले होते. सर्वांत मोठा वाटा क्रॅन्स्टन यांच्याशी संबंधित मतदार-नोंदणी संस्थांचा, साडेआठ लाख. मॅकेन तर कुटुंबासह कीटिंगच्या खर्चाने बहामाला सुट्टीवरही जाऊन आले होते, आणि त्यांची पत्नी व सासरे यांनी कीटिंगच्या एका व्यापारी संकुलात पैसे घातले होते.

तरी मॅकेन सुरुवातीला बिचकत होते. अधिकाऱ्यांशी बोलून तडजोड घडवून आणायला त्यांनी नकार दिला, तेव्हा कीटिंग त्यांना ‘भित्रा’ म्हणाले आणि ते मॅकेनच्या कानावर गेलं. १९८७ च्या मार्चमध्ये दोघांची खडाजंगी होऊन मैत्री तिथेच संपली. आणि तरीही मॅकेन बैठकीला गेले. माझ्या मते या प्रकरणात मॅकेन यांच्याबद्दल विचारण्यासारखा प्रश्न एवढाच आहे, आणि ‘मोठा रोजगार देणारी कंपनी आहे’ हे त्यांचं उत्तर मला अपुरं वाटतं.

पहिली बैठक २ एप्रिल १९८७ ला, डिकॉन्सिनींच्या कार्यालयात. चार सिनेटर आणि ग्रे. रीगल नव्हते, पण सिनेटरांना भेटायचंय ही पूर्वकल्पना ग्रेंच्या म्हणण्यानुसार त्यांनीच दिली होती. सोबत कुणाचाही सहायक नको असं ठरलेलं. त्यामुळे तिथे काय बोलणं झालं याची नोंद नाही. ग्रे सांगतात की डिकॉन्सिनींनी सरळ सौदा मांडला: बोर्डाने थेट गुंतवणुकीचा नियम मागे घ्यावा, लिंकन जास्त घरकर्जं देईल. डिकॉन्सिनींनी हे नाकारलं. ग्रेंचा कार्यकाळ जूनअखेर संपत होता, म्हणजे समोर बसला होता तो तीन महिन्यांत जाणारा अधिकारी. आपल्याला लिंकनचे बारकावे माहीत नाहीत, असं सांगून त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसांना भेटा म्हटलं.

ती माणसं आठवड्याने आली. ९ एप्रिल, तेच कार्यालय, आता पाचही सिनेटर. समोर सॅन फ्रान्सिस्को शाखेचे अध्यक्ष जेम्स सिरोना, देखरेख विभागाचे मायकेल पॅट्रियार्का, तपासणी सांभाळणारे रिचर्ड सांचेझ आणि ठेव-विमा संस्थेचे उपसंचालक विल्यम ब्लॅक. ब्लॅक यांनी वही काढली आणि दोन तासांचं बोलणं जवळजवळ शब्दशः उतरवून घेतलं. पुढच्या सगळ्या चौकशीत हीच वही कामाला आली.

डिकॉन्सिनींनी सुरुवात केली ती अशी: तुमच्या संभाव्य कारवाईमुळे आमच्या एका मतदाराचं नुकसान होऊ शकतं, असं आमच्या लक्षात आलंय, म्हणून भेटायचं होतं. मग लिंकन काय काय करायला तयार आहे हे त्यांनीच मांडलं. बोलणारा लिंकनचा वकील असता तरी फारसं वेगळं बोलला नसता. मॅकेन म्हणाले, मतदारांना योग्य मार्गाने मदत करणं आमचं काम आहे, त्यांच्यासाठी खास सवलत नकोय, आणि या बोलण्यात काही गैर असावं अशी माझी इच्छा नाही. ग्लेन सगळ्यांत रोखठोक: आरोप ठेवायचे असतील तर ठेवा, नाहीतर त्यांची पाठ सोडा.

पाच सिनेटर म्हणजे सिनेटचा विसावा हिस्सा. चार पगारी अधिकारी, त्यातले बरेच अडीच हजार मैलांवरून आलेले. यात आवाज चढवायची गरजच काय?

अधिकाऱ्यांनी मात्र फायलीच उघडल्या. सांचेझ यांनी सांगितलं की १९८४ ते १९८६ मध्ये लिंकनने दिलेली ५२ स्थावर मालमत्तेची कर्जं तपासली आणि एकाही फाइलमध्ये कर्जदाराची पत तपासल्याचा अहवाल सापडला नाही. डिकॉन्सिनींनी विचारलं, हे बेकायदा आहे की फक्त चांगली पद्धत नव्हे? सिरोना म्हणाले, आमच्या नियमांचा भंग आहे. आर्थर यंगने मग असं पत्र का दिलं? पॅट्रियार्कांचं उत्तर अगदी छोटं: ‘त्यांचा ग्राहक आहे.’ आणि थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं की आम्ही हे प्रकरण फौजदारी कारवाईसाठी न्याय खात्याकडे पाठवणार आहोत.

ब्लॅक यांच्या टिपणांत या वाक्यानंतर बोलण्याची दिशाच बदललेली दिसते. ‘फौजदारी’ ऐकून आश्चर्य वाटतंय, आमचा समज असा होता की संस्था धडधाकट आहे आणि तिच्यावर जाच होतोय, असं डिकॉन्सिनी म्हणतात. ग्लेन विचारतात, हे कधीपासून माहीत आहे? आणि मग, लिंकनला आम्ही काय सांगू शकतो? फौजदारी तक्रारीबद्दल काहीच नाही, असं ब्लॅक सांगतात.

बैठक एवढ्यावर संपली. नियमांच्या कसोटीवर बघितलं तर हे सिनेटर तिथेच थांबले असते तर हे प्रकरण कदाचित उभंच राहिलं नसतं. शंका होती, विचारली, ठोस उत्तर मिळालं. मॅकेन तिथे थांबले. या विषयात त्यांनी पुन्हा कुणाला फोन केल्याचं समोर आलं नाही. ग्लेन यांनी जानेवारी १९८८ मध्ये प्रतिनिधीगृहाचे अध्यक्ष जिम राइट यांच्यासोबत कीटिंगना जेवायला बसवलं. क्रॅन्स्टन आणि डिकॉन्सिनी यांचे फोन सुरूच राहिले. अगदी १९८९ च्या सुरुवातीला, लिंकन दुसऱ्याला विकून मोकळं व्हायचा प्रयत्न चालला होता, तेव्हाही ते अधिकाऱ्यांना विक्रीला मंजुरी द्या म्हणून सांगत होते. फौजदारी तक्रारीची गोष्ट ऐकल्यानंतरची ही दोन वर्षं आहेत.

या दोन वर्षांत बोर्डात काय झालं ते थोडक्यात. १९८७ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोने शिफारस केली की लिंकन ताब्यात घ्या. जुलैत ग्रेंच्या जागी डॅनी वॉल आले. त्यांनी शिफारस बाजूला ठेवली, पुढे लिंकनची फाइल सॅन फ्रान्सिस्कोकडून काढून वॉशिंग्टनला घेतली, आणि मे १९८८ मध्ये कीटिंगशी समझोता केला. सिनेटरांमुळेच असं घडलं हे कुणी सिद्ध केलेलं नाही. वॉल यांनी नाकारलंच. अशा दबावाचा माग कधीच सरळ लागत नाही. आदेश निघत नाही, कागद निघत नाही. एका शाखेने हट्ट धरला तर तिच्याकडून काम काढून घेतलं जातं, आणि बाकीच्या शाखा ते बघतात.

याच काळात लिंकनच्या शाखांमधून अमेरिकन कॉन्टिनेंटलचे रोखे विकले जात होते. ठेवीची मुदत संपली म्हणून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिथलाच, ओळखीचा कर्मचारी सांगायचा की यात व्याज जास्त आहे. बँकेच्या इमारतीत, बँकेच्या माणसाकडून विकत घेतलेली वस्तू विम्याखाली नाही, हे किती जणांच्या डोक्यात आलं असेल? रोखे विकणाऱ्यांसाठीच्या एका टिपणात लिहिलेलं होतं की दुबळे, गरीब स्वभावाचे आणि अडाणी लोक हे नेहमीच चांगलं लक्ष्य असतात. पुढे हे टिपण न्यायालयात आलं. १३ एप्रिल १९८९ ला अमेरिकन कॉन्टिनेंटलने दिवाळखोरीचा अर्ज केला, दुसऱ्या दिवशी सरकारने लिंकन ताब्यात घेतली. विमा असलेल्या ठेवी वाचल्या, त्याचा भार करदात्यांवर पडला, तीन अब्ज डॉलरच्या आसपास. २० हजारांहून जास्त रोखेधारकांचे २५ कोटी डॉलरहून जास्त अडकले. यातले बहुतेक दक्षिण कॅलिफोर्नियातले निवृत्त लोक, म्हणजे क्रॅन्स्टन यांचेच मतदार. ९ एप्रिलच्या खोलीत ‘आमच्या एका मतदाराचं नुकसान’ म्हणून जे बोलणं झालं, त्यात हे कुठेच नव्हते. आपण कुणाकडे दाद मागायला हवी हेच त्यांना ठाऊक नव्हतं, मग ते सिनेटरकडे कशाची तक्रार घेऊन जाणार? केसवर्कच्या चर्चेत मला हा मुद्दा सर्वांत जड वाटतो. बँकेवर देखरेख करणारं खातं ज्यांच्यासाठी काम करतं ते लोक दारात येत नाहीत. येतो तो ज्याच्यावर कारवाई होतेय तो, आणि सिनेटरला त्याचीच बाजू ऐकू येते.

देणग्यांमुळे हे नेते तुमच्या बाजूने उभे राहिले का, हा प्रश्न पत्रकारांत घोळत होताच. कीटिंगनी स्वतःच तो पत्रकार परिषदेत काढला आणि उत्तर दिलं: ‘तसं झालं असेल अशी माझी मनापासून आशा आहे.’ त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या कुणालाही या वाक्याची भरपाई पुढे करता आली नाही.

ऑक्टोबर १९८९ मध्ये कॉमन कॉज या संस्थेने सिनेटच्या नीतिमत्ता समितीकडे तक्रार केली. समितीत दोन्ही पक्षांचे तीन-तीन सदस्य, अध्यक्ष अलाबामाचे हॉवेल हेफ्लिन, उपाध्यक्ष न्यू हॅम्पशायरचे वॉरन रडमन. विशेष वकील रॉबर्ट बेनेट यांनी सुनावणीआधीच सुचवलं की ग्लेन आणि मॅकेन यांना वगळा. समितीने ऐकलं नाही. मॅकेन वगळले की उरतात फक्त डेमोक्रॅट, म्हणून त्यांना अडकवून ठेवलं, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं आणि त्यात तथ्य वाटतं. नोव्हेंबर १९९० ते जानेवारी १९९१ ही सुनावणी टीव्हीवर दिसली. व्हिएतनामचा युद्धकैदी मॅकेन आणि अंतराळवीर ग्लेन शेजारीशेजारी आरोपीसारखे बसलेले देशाने पाहिले.

फेब्रुवारी १९९१ च्या निष्कर्षांची उतरंड लक्षात ठेवण्यासारखी आहे. ग्लेन आणि मॅकेन: विवेक कमी पडला, बाकी कारवाई नाही. डिकॉन्सिनी आणि रीगल: वर्तन अयोग्य दिसावं असं होतं. क्रॅन्स्टन: देणगी गोळा करणं आणि कीटिंगसाठी अधिकाऱ्यांकडे जाणं यांची सांगड घातल्याचं विश्वासार्ह कारण आहे. म्हणजे बैठकीला गेल्याबद्दल दोषी कुणीच नाही. दोष लागला तो पैशाची चर्चा आणि कामाची चर्चा एकाच वेळी, एकाच माणसाशी, कधी कधी एकाच टेबलावर केल्याबद्दल. नोव्हेंबर १९९१ मध्ये क्रॅन्स्टन यांना सभागृहात ठपका ऐकवला गेला, संपूर्ण सिनेटचं मतदान मात्र घेतलं नाही. कॅन्सरने आजारी असलेले क्रॅन्स्टन उत्तराला उभे राहिले आणि म्हणाले की मी जे केलं ते इथल्या रुळलेल्या रीतीला सोडून नव्हतं. रडमन यांनी त्याला उद्धटपणा म्हटलं. उद्धट होतंच, पण खोटं होतं का, याचं उत्तर त्या दिवशी सभागृहात कुणी दिलं नाही.

क्रॅन्स्टन, डिकॉन्सिनी आणि रीगल पुन्हा सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. ग्लेन आणि मॅकेन १९९२ मध्ये निवडून आले. मॅकेन यांनी पुढे निवडणूक देणग्यांच्या सुधारणेचा विषय हाती घेतला आणि २००२ मध्ये सिनेटर रसेल फाइनगोल्ड यांच्यासोबत त्याचा कायदा करवून घेतला. कीटिंग राज्य आणि केंद्र अशा दोन्ही न्यायालयांत दोषी ठरले, साडेचार वर्षं तुरुंगात राहिले, नंतर दोन्ही निकाल उलटले, १९९९ मध्ये त्यांनी चार आरोप कबूल केले आणि भोगलेली शिक्षा पुरेशी मानली गेली. २०१४ मध्ये ९० व्या वर्षी ते वारले.

सिनेटने जुलै १९९२ मध्ये नियम क्रमांक ४३ केला. सिनेटरने मतदारासाठी खात्याकडे काय करावं याची त्यात यादी आहे: माहिती किंवा सद्यःस्थिती विचारणं, लवकर निकाल द्या म्हणणं, भेट ठरवून देणं, आपलं मत सांगणं, कायद्याला धरून नसलेल्या निर्णयाचा फेरविचार मागणं. आणि एक मनाई: मदत करायची की नाही हे देणगीवरून ठरवायचं नाही. आता हा नियम घेऊन ब्लॅक यांची वही उघडली तर काय दिसतं? मॅकेन बसतात. ग्लेन यांचं ‘आरोप ठेवा नाहीतर पाठ सोडा’ हे लवकर निकालाची मागणी म्हणून बसतं. लिंकनच्या अटी मांडणारे डिकॉन्सिनीसुद्धा ‘मत सांगणं’ या शब्दांच्या आडोशाला ओढूनताणून बसवता येतात. त्या दोन तासांत खोलीत देणगी हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.